कामोठ्याची खाडी आणि पाण्यातला पतंग

कामोठ्याला कुणी फिरायला जातं का? आपण तिथे जातो ते भाच्याच्या बारशाला, नणंदेच्या गृहप्रवेशाला, किंवा मुलीला स्थळ पाहायला. महामार्गाच्या थांब्यावर उतरतो, रिक्षावाल्याला सेक्टर सांगतो, लिफ्टने वर जातो, जेवतो आणि ओटी भरून घेऊन परत निघतो. गॅलरीतून बाहेर पाहिलंच तर इमारतींपलीकडे एक हिरवी पट्टी दिसते आणि तिच्यामागे काहीतरी चकाकतं. ते काय, असं विचारायला सवड नसते. मैत्रिणींनो, ती पनवेलची खाडी. पुढच्या खेपेला तासभर लवकर निघा आणि ती बघून या, म्हणून हे लिहिते आहे.

तशी जागा नवी नाही. सिडकोची स्थापना झाली १९७० साली, आणि नव्या मुंबईसाठी ठाणे-रायगडातल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी ठरल्या, त्यांत कामोठेही होतं. त्याआधी इथे भाताची खाचरं होती, मिठागरं होती, आणि खाडी होती. वस्ती मुख्यतः आगऱ्यांची. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, असं बहुतेक जण सांगतात. खाऱ्या पाण्याला बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, म्हणजे पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर जातं आणि भरतीचं खारं पाणी आत येत नाही. अशा खारजमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती शोधायला पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, आणि तिथल्या वाणांची नावंही ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ अशीच आहेत. मला हे कळलं तेव्हा मोठी गंमत वाटली. आपण पनवेल म्हणजे एसटी बदलायचं गाव समजत होतो!

जमिनी गेल्या, त्याची किंमतही मोजली गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या बाजूला शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना परत द्यायची जी योजना पुढे आली, ती त्या लढ्यातूनच. आज ज्या बहुमजली घरात आपण जाऊबाईंच्या हातचं पुरण खातो, त्याच्या पायाखाली कुणाचं तरी खाचर आहे, एवढं लक्षात असावं. १ ऑक्टोबर २०१६ पासून कामोठे पनवेल महानगरपालिकेत आहे. गावठाण मात्र अजून गावठाणच आहे. देऊळ, पार, दारात वाळत घातलेलं जाळं. सेक्टरातून गावठाणात शिरलं की रस्ता एकदम अरुंद होतो आणि बोलणं एकदम मोठ्याने होतं.

आता जायचं कसं ते सांगते. हार्बर मार्गावर खारघरच्या पुढचं स्टेशन मानसरोवर, त्याच्या पुढचं खांदेश्वर. कामोठ्याला मानसरोवर जवळ. स्टेशनच्या एका अंगाला कामोठ्याच्या इमारती, दुसऱ्या अंगाला खाडीकडची खारफुटी. जुई गावाच्या बाजूनेही पाणी जवळ पडतं. चिखलात उतरायची हौस करू नका. वरून कोरडा दिसतो आणि गुडघ्यापर्यंत गिळतो. साडी तर जाईलच, चप्पलही जाईल.

आणि वेळ बघून जा. खाडी बघायची तर भरती-ओहोटी कळली पाहिजे. त्यासाठी वर्तमानपत्र नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. तिथी पाहायची, तिची पाऊणपट करायची, येईल तो मुंबईच्या पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि पहाटेही तीनच्याच सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत पाणी आत शिरायला थोडा वेळ लागतो, म्हणून कामोठ्याला थोडं उशिरा धरा. आपल्याला तर हे किती सोपं! संकष्टी कधी, एकादशी कधी, हे आपल्याइतकं घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक असतं? उपासाच्या दिवशी मासळीचा विचार करावा लागला, तर काय, विचाराने उपास मोडत नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी आळसावतं, तो भांग. उधाणाच्या दिवशी ओहोटी लागली की खाडीतलं पाणी कसं पळतं ते एकदा उभं राहून पाहाच. काठावरचा कचरा, पानं, फेस, सगळं एका दिशेने धावत सुटतं. आपल्याला वाटेल, अशा पाण्यात जाळं टिकणार कसं? पण ज्यांचं पोट खाडीवर आहे ते अशाच पाण्याची वाट बघतात. भांगाच्या दिवसांत त्यांच्या कामालाही भांग असतो.

याचं कारण त्यांच्या जाळ्यात आहे. खाडीत लावतात ती लहान बोकशी, समुद्रात वसई-अर्नाळ्याकडे लावतात ती मोठी डोल. दोन्ही जातीने एकच. लांबलचक नरसाळं म्हणा, किंवा पायजम्याचा एकच पाय म्हणा. तोंडाशी रुंद, शेपटीकडे निमुळतं. जाळ्याच्या भोकांना आस म्हणतात. तोंडाशी आस मोठे, शेपटीकडे बारीक. हे जाळं ओढायचं नसतं, एका जागी बांधून ठेवायचं असतं. तळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना दोर बांधतात, तोंड प्रवाहाकडे करतात, वरच्या काठाला तरंगणारी पिंपं, खालच्या काठाला वजन. मग पाणीच येऊन तोंड उघडतं, पाणीच जाळं फुगवतं, आणि पाण्याबरोबर वाहत येणारे बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी आपसूक शेपटीत जमतात. प्रवाह थांबला की जाळं मिटतं. वर किती पिंपं आणि खाली किती वजन, दोर किती लांब सोडायचा, यावर जाळ्याचं तोंड पाण्याच्या कोणत्या थरात उभं राहील ते ठरतं. फार वर राहिलं तर मासळी खालून निघून जाते, फार खाली गेलं तर गाळ भरतो. सगळी विद्या त्या मधल्या थराची.

मासा पाण्यात कुठेही असतो, असं आपण समजतो. तसं नसतं. आपल्या कपाटासारखंच आहे, प्रत्येक कप्प्यात वेगळं सामान. बोंबील एका थरात, कोलीम-जवळा दुसऱ्या, आणि उघड्या समुद्रात गेलात तर सुरमई-कुपा तिसऱ्याच. त्यातून ऊन चढलं की बरेच मासे खाली जातात. सकाळी वर दिसणारी सुरमई दुपारी पाण्याखाली कितीतरी फूट असते. जाळं बांधून ठेवता येतं तिथे ठीक. पण उघड्या समुद्रात, चालत्या होडीमागे गळ ओढायचा असेल, तर तो गळ खालच्या थरात ठेवायचा कसा?

हा प्रश्न मला कामोठ्यातच पडला, तोही चौथ्या मजल्यावर. माझ्या जावेचा मुलगा तिथे राहतो. नोकरी संगणकाची, हौस मासेमारीची. सुट्टी आली की चार मित्र मिळून करंजाच्या बाजूने भाड्याने होडी करतात. त्या दिवशी हॉलच्या लादीवर त्याने सगळं सामान पसरलं होतं आणि सूनबाई बाजूने हळूच पाय टाकत चहा आणत होती. दोर, कड्या, फिरक्या, चकचकीत चमचे, आणि त्यांत एक हातभर धातूची पाटी, जरा वाकवलेली, पुढच्या अंगाला शिसं लावलेलं आणि पाठीवर तारेची कमान. मी म्हटलं, हे काय, उलथनं? त्याला म्हणे प्लेनर म्हणतात. आम्ही मात्र तेव्हापासून पाण्यातला पतंगच म्हणतो, कारण तो खरोखरच उलटा पतंग आहे.

तुम्ही म्हणाल, गळ खाली न्यायचा तर शिसं बांधावं, सोपं आहे. होडी उभी असताना सोपंच आहे. पण होडी चालू लागली की दोर मागे ताणतो आणि शिसं वर वर येऊ लागतं. होडी जितकी जोरात, तितकं शिसं वर. आणखी शिसं बांधलं तर ओढता ओढता हात गळून जातात, आणि मासा लागला तरी त्या वजनात कळतच नाही. पाटीचं उलट आहे. एसटीच्या खिडकीतून लहानपणी आपण हात बाहेर काढायचो ना? (काढू नये, मुलांना काढू देऊ नका.) तळहात पुढून वर उचलला की वारा हात वर ढकलायचा, पुढून खाली झुकवला की खाली दाबायचा. तेच इथे. पाटीचं नाक खाली झुकवून बांधलेलं असतं, म्हणून पाणी तिला खाली दाबतं. होडी ओढते तशी ती बुडी मारते. जे पाणी शिशाला वर आणतं तेच पाटीला खाली नेतं. बोकशीचं आणि हिचं इथे नातं लागतं. तिथे पाणी धावतं आणि जाळं उभं असतं, इथे पाणी उभं असतं आणि होडी धावते.

पतंगाला मुलं बांधतात त्या दोऱ्याला मंगळसूत्र म्हणतात, आठवतं? ते नीट बसलं नाही तर पतंग गिरक्या खातो. पाटीचं मंगळसूत्र म्हणजे ती तारेची कमान आणि तिच्यावर सरकणारी कडी. होडीकडून येणारा मुख्य दोर त्या कडीला अडकवायचा. कडी पुढच्या खाचेत असली की पाटीचं नाक खाली राहतं. पाटीच्या मागच्या टोकाला दुसरा, बारीक दोर, पाच-सात वाव लांब. (दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट.) त्याच्या शेवटी चमचा. हो, चमचाच म्हणतात, आणि दिसतोही तसाच, फक्त दांड्याऐवजी गळ. पाण्यात तो लपलपतो आणि खालच्या माशाला वाटतं, जखमी तारली पळते आहे. आता खरी युक्ती. सुरमईने चमचा तोंडात घेतला की मागून जोराचा झटका बसतो, कडी खाचेतून सुटून तारेवरून सरकते, पाटी सपाट होते आणि भराभर वर येते. म्हणजे होडीवरच्याला निशाणीही मिळाली, आणि मासा ओढताना पाटीच्या बुडीशी झुंजावंही लागत नाही.

सामान बांधण्यात मात्र शिस्त लागते, आणि ती पाहून मला आपल्या शिवणाची आठवण झाली. दोराच्या दोन्ही टोकांना फिरकी हवी. चमचा गोल फिरतो, फिरकी नसेल तर अर्ध्या तासात दोराची अशी पिळवट होते की उलगडता उलगडत नाही. मागचा दोर पुढच्या दोरापेक्षा कमकुवत ठेवायचा. हे मला पहिल्यांदा उलटं वाटलं. पण काही अडकलंच, तर तुटायचा तो स्वस्त दोर आणि चमचा, महागडी पाटी नव्हे. आपण नाही का, तव्याचा दांडा जळेल पण तवा राहील असा बेत ठेवत? होडीच्या खुंटीला बांधताना मध्ये रबराचा तुकडा घालतात, म्हणजे झटका दोराला न बसता रबराला बसतो. ज्यांच्याकडे गरगरी असलेली काठी असते, त्यांच्या गरगरीवर ताणाची चकती असते, थेट शिवणयंत्रावरच्या चकतीसारखी. फार आवळली तर दोर तुटतो, फार सैल ठेवली तर नुसताच सुटत जातो.

पाण्यात सोडायचाही क्रम आहे. होडी अगदी हळू करायची. आधी चमचा आणि त्याचा सगळा दोर मागे सोडायचा, तो सरळ तरंगत चमकतो आहे ना ते डोळ्याने पाहायचं. मग कडी पुढे खाचेत बसवून पाटी पाण्यात ठेवायची, फेकायची नाही. दोर हातातून ताण धरून सोडत जायचा. एकदम ढील दिली की पाटी उलटते आणि चमचा तिच्याच गळ्यात पडतो. त्यानंतर होडीचा वेग ताशी सात ते अकरा किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालवलेल्या सायकलीइतका. त्याहून जोरात नेली तर मासा नसतानाच पाटी सुटून वर येते. दोन पाट्या लावायच्या तर एकीचा दोर आखूड, दुसरीचा लांब, आणि वळण घ्यायचं ते बैलगाडीसारखं मोठं. नाहीतर दोन्हींची वेणी.

आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. हातमोजे घालायचे. हे त्याच्या आईने माझ्यासमोर त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. लाइफ जॅकेट अंगात हवं, पिशवीत नव्हे, हेही तिचंच.

या पाटीचं कूळ मोठं आहे, बरं का. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमारात बर्नी नावाच्या अधिकाऱ्याने जहाजाच्या नाकाशी दोन्ही बाजूंना ओढायचं एक यंत्र तयार केलं. त्याला पॅराव्हेन म्हणतात. पंख असलेल्या माशासारखं ते पाण्याखालून जहाजापासून दूर दूर जायचं आणि पेरलेल्या सुरुंगांचे दोर बाजूला सारून कापायचं. ट्रॉलरचं जाळं आडवं उघडं ठेवणाऱ्या दोन जड फळ्याही याच युक्तीच्या. पाणी त्यांना एकमेकींपासून दूर ढकलतं. युद्धातलं यंत्र शेवटी सुरमईच्या तुकडीपर्यंत आलं म्हणायचं. आपल्याकडे बाजारात येणारी सुरमई बहुतेक जाळ्यानेच येते. ओढत्या गळाची मासेमारी धंदा म्हणून पाहायची तर लक्षद्वीपला कुप्यासाठी, किंवा तामिळनाडूत थूथुकुडीकडे सुरमईसाठी. मुंबईच्या समुद्रात ती अजून हौशी लोकांचीच जास्त.

कामोठ्याहून होडीने निघायचं म्हटलं तर वाट कशी आहे ते नकाशावर पाहा. खाडीतून पश्चिमेला, एका हाताला बेलापूर, दुसऱ्या हाताला उलवे. मग ठाण्याच्या खाडीत शिरून दक्षिणेला, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूखालून, घारापुरीच्या बाजूने मुंबई बंदर ओलांडून उघडा समुद्र. एके काळी पनवेल हे बंदरच होतं, मुंबईशी गलबतांची ये-जा असलेलं. तिथली नगरपालिका १८५२ सालची, ती काही उगीच नव्हे. आता मोठी होडी पनवेलपर्यंत आणायची कल्पनाही करवत नाही, इतका गाळ.

गाळ ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट पाण्याची. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून येणारी कासाडी नदी याच खाडीला मिळते. तिच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. ज्या दिवशी पाण्याला वास येतो त्या दिवशी बोकशी लावून काय उपयोग? तिसरी गोष्ट समोरच्या काठावर दिसते. तिथे उलव्याची टेकडी होती, ती कापली. नदीचं पात्र वळवलं. काही गावं उठली. आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळ हवाच, मुलं परदेशी असलेल्या घरांना तर सोयीचाच. तरीसुद्धा मला वाटतं, धावपट्टीची लांबी सगळ्यांना पाठ असते, आणि त्याच काठावर भरती कुठपर्यंत चढते हे विचारलं तर गावठाणातल्या म्हाताऱ्या बायांखेरीज कुणाला सांगता येत नाही. त्या मात्र हात करून दाखवतात, पूर्वी इथपर्यंत, आता इथपर्यंत. खारफुटीत भराव पडला की पाणी दुसरीकडे वाट काढतं, प्रवाह मंदावतो, आणि प्रवाह मंदावला की बोकशीचं तोंड उघडत नाही. एवढं साधं आहे.

प्लॅस्टिकचं तर बोलायलाच नको. त्या मुलाने सांगितलं, सगळ्यात जास्त वेळा चमच्याला लागते ती पिशवी. पिशवीच्या वजनाने पाटी सुटत नाही, म्हणून वर काही कळत नाही. होडी तासभर पिशवीच फिरवत बसते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने दोर ओढून बघावा लागतो. आपल्या घरातून बाहेर पडलेली दुधाची पिशवी कुठे कुठे जाते ते यावरून समजा.

आता आपल्या कामाचं. गळाला लागलेला मासा आणि जाळ्यातला मासा यांत चवीचा फरक किती, यावर कोळणी भांडतील, मी त्यात पडत नाही. पण पाटीमागच्या मोठ्या चमच्याला सुरमईचं अगदी लहान पिल्लू सहसा लागत नाही, आणि लागलंच तर जिवंत सोडून देता येतं. बारीक आसाच्या जाळ्याला ही निवड जमत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. सुरमई ३७० मिलिमीटर, बोंबील १८०, पापलेट १३५. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. राज्यमासा करून पिल्लांची कढी करायची, हे काही खरं नव्हे. आकडे लक्षात राहत नसतील तर आपल्या वितीने मोजा. आधी घरी फूटपट्टीवर आपली वीत मोजून ठेवा. माझी वीत सुमारे १९ सेंटिमीटर भरते, म्हणजे दोन विती सुरमई, एक वीत बोंबील, आणि पापलेट मधल्या बोटापासून मनगटापर्यंतच्या तळहाताहून कमी नको. पाटीवर वीत टेकवलीत तर कोळीण हसेल. हसू दे. दुसऱ्या वेळी ती स्वतःच मोठा काढून देईल.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ म्हणून जे मिळतं ते बर्फातलं किंवा लांबून आलेलं, हे धरून चाला. त्यापेक्षा सुके बोंबील, जवळा काढा, किंवा खाडीतले चिंबोरे-निवट्या मिळतात ते पाहा. कामोठ्याच्या गावठाणाच्या बाजूला खाडीची थोडीशी मासळी घेऊन एखादी बाई बसलेली दिसली, तर घासाघीस जरा बेताने करा. तिची टोपली भरायला किती तिथ्या जुळून याव्या लागतात ते आता आपल्याला कळलं आहे.

आणि सुरमई घेताना कल्ले, डोळे बघताच, तसं अंगही नीट बघा. जाळ्यात मान अडकलेल्या माशाच्या अंगावर कल्ल्यांमागे बहुधा दोऱ्याचा वळ असतो, कधी खवलेही गेलेले असतात. गळाच्या माशाचं अंग गुळगुळीत असतं आणि जबड्याच्या कोपऱ्यात एकच लहानसं भोक. तशी मिळाली तर तुकड्या जाड कापून घ्या, बोटभर तरी. हळद-मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा, तांदळाच्या पिठात घोळवा, आणि तवा नीट तापल्याखेरीज टाकू नका.